आत्याचं तारण (पापातून सुटका) झालं की नाही, हे ठरवणारे तुम्ही कोण?

नगरची लेक: परवा माझ्या आत्याच्या श्रद्धांजलीखाली एका भावाने लिहिलं, "कृत्यांनी कोणाचं तारण होत नाही. बाईंनी सेवा केली, पण चर्चमध्ये उभं राहून विश्वासाची साक्ष कधी दिली नाही. त्यांचं काय झालं असेल सांगता येत नाही." रात्रभर डोळ्याला डोळा लागला नाही. आत्या एकतीस वर्षं कुष्ठरोग्यांच्या जखमा धूत होती. घरी आली की हाताला डेटॉलचा वास यायचा, त्याच हाताने आम्हाला भाकरी वाढायची. बायबलातल्या पत्रात याकोब विचारतो, उघड्या-उपाशी भावाला नुसतं "सुखी राहा" म्हणून काय उपयोग? त्याचं उत्तर द्या.

कृपेचा ऋणी: ते मीच लिहिलं. बायबलातलं इफिसकरांस पत्र २:८-९ वाचा: तारण कृपेने, विश्वासाच्या द्वारे, कर्मांनी नाही, कोणी बढाई मारू नये म्हणून. मी नऊ वर्षं दारूत होतो, बायकोचं मंगळसूत्र विकलं. देवापुढे ठेवायला माझ्याकडे एकही सत्कृत्य नव्हतं. येशूच्या शेजारी वधस्तंभावर असताना तारण मिळालेल्या चोराने कोणाच्या जखमा धुतल्या होत्या?

वसईकर: पुढचं दहावं वचन का गाळता? "सत्कृत्यांसाठी निर्माण केलेले" असं तिथेच आहे. रोमकरांस ३:२८ मध्ये "केवळ" हा शब्द प्रोटेस्टंट पंथाची सुरुवात करणाऱ्या लूथरने जर्मन भाषांतरात घातला, मूळ ग्रीकमध्ये तो नाही. "केवळ विश्वासाने" हे शब्द बायबलमध्ये एकदाच येतात, याकोब २:२४ मध्ये, आणि तेही "नव्हे" म्हणून. त्या पत्राला लूथर १५२२ साली गवताचं, म्हणजे हलक्या मोलाचं, पत्र म्हणाला.

कृपेचा ऋणी: आणि कॅथलिक चर्चमध्ये पैसे घेऊन पापदंडमाफीची, म्हणजे पापाच्या शिक्षेत सूट देणारी, पत्रं कोण विकत होतं? १५१७ सालचं लूथरचं बंड उगाच घडलं का?

वसईकर: तो बाजार चुकीचाच होता. पण कॅथलिक माणूस स्वर्ग विकत घेतो, हे ऐकून कान किटले. देवापुढे नीतिमान ठरणं कशानेही कमावता येत नाही, ते कृपेनेच, असं ट्रेंटच्या कॅथलिक परिषदेने १५४७ सालीच म्हटलंय. १९९९ साली ऑग्सबर्गला लूथरन आणि कॅथलिकांनी याच विषयावर एकत्र सह्या केल्या. आपण अजून भांडतोय.

थकबाकीदार: सह्या राहू द्या. कृपा फुकट आहे ना? मग माझे वडील वारले तेव्हा दफनाआधी चर्चच्या वर्गणीचं रजिस्टर का उघडलं? तीन वर्षांची बाकी निघाली. शवपेटी ओट्यावर, आणि मी शेजाऱ्याकडे पैसे मागतोय. चर्चचं नाव घेत नाही, आई अजून तिथेच उपासनेला जाते.

मंडळीचा जुना खजिनदार: वर्गणीशिवाय पाळकांचा पगार कुठून येणार? दफनभूमीचं कुंपण कोण घालणार? नाताळ आणि ईस्टरला तेवढे दिसतात, वर्षभर पत्ता नसतो. जबाबदारी नको, हक्क हवा.

थकबाकीदार: माझी गिरणी बंद पडली होती, साहेब. तीन वर्षांत एकदा तरी कोणी दार वाजवलं का, भाऊ का येत नाहीस म्हणून? पावतीपुस्तक घेऊन मात्र आलात.

नगरची लेक: खजिनदार, हे वाचून लाज वाटली. कृपेने तारण म्हणणाऱ्यांनी मयताच्या दारात हिशेब मांडायचा?

मंडळीचा जुना खजिनदार: नियम मी केला नाही. पण पेटी थांबवायला नको होती, एवढं कबूल करतो. बाकीचं नाही.

कृपेचा ऋणी: मूळ मुद्द्यावर या. विश्वास खरा असेल तर फळ येतंच, हे मलाही मान्य आहे. फळ म्हणजे मूळ नव्हे, एवढंच माझं म्हणणं. बाकी ताई, "सांगता येत नाही" हे माझे शब्द मागे घेतो. मयताच्या घरी ते बोलायचं नव्हतं. इफिसकरांसचं वचन मात्र मागे घेणार नाही.

नगरची लेक: घेऊ नकाच. आत्याच्या बायबलात त्याच वचनाखाली पेन्सिलीची रेघ आहे. साक्ष द्यायला उभं राहिलं की तिचे पाय लटपटायचे, म्हणून ती कधी बोलली नाही.

थकबाकीदार: आणि ज्या शेजाऱ्याने पैसे दिले, तो ख्रिस्ती नव्हता. त्याच्याबद्दल कोणते वचन लावायचे ते मला सांगा.