दम धरायचा की सोडायचा? पाण्याखालचे अनुभव सांगा

गेल्या रविवारी मालवणहून सांगलीला परतलो. रात्री अकराला दारात बॅग ठेवली आणि आईनं पहिलंच विचारलं, "कानात पाणी नाही ना गेलं?" पाण्याचं नाव काढलं की आमच्या घरात आधी कानांची चौकशी होते, कारण आम्ही सगळी भावंडं विहिरीत पोहायला शिकलो. पलूसकडचं मामाचं गाव, मळ्यातली दगडी विहीर, कमरेला पांगऱ्याची लाकडं आणि काठावरून मामाचा आवाज : "दम धर! दम धर की!"

त्याच सवयीनं मला समुद्रात अडचणीत आणलं, म्हणून हा धागा काढतोय. सातारा-सांगलीत समुद्र नाही, पण विहिरी आहेत, बारवा आहेत, कृष्णा-कोयना-वारणा आहेत, आणि सुट्टी लागली की घाट उतरून मालवण-तारकर्लीला स्कूबा (पाठीला हवेचं सिलिंडर लावून पाण्याखाली उतरणं) करून येणारी माणसं आता गल्लोगल्ली आहेत. ज्यांनी ज्यांनी पाण्याखाली डोळे उघडलेत त्यांनी लिहा. कुठं उतरलात, काय दिसलं, काय चुकलं.

आधी माझं सांगतो. सिंधुदुर्ग किल्ल्याजवळ होडी नांगरली होती. साधारण सहा मीटरवर पोचलो, इन्स्ट्रक्टर मागून सिलिंडर धरून होता. खडकाच्या आडून काळ्या-पिवळ्या पट्ट्यांच्या माशांचा थवा आला आणि बघता बघता मी दम धरला. लहानपणी विहिरीच्या तळातली मूठभर माती वर आणून दाखवायची पैज असायची. छाती भरून घ्यायची, ओठ आवळायचे आणि खाली सुटायचं, हे अंगात मुरलेलं. पण इथं छाती भरली तसा मी वरच निघालो. त्यानं खसकन खाली ओढलं, डोळ्यांसमोर हात आणून बोटं उघडमीट केली आणि स्वतः बुडबुडे सोडून दाखवले.

होडीत आल्यावर त्यानं सांगितलं ते आपल्याकडच्या प्रत्येक पोहणाऱ्याला माहीत पाहिजे. विहिरीत आपण काठावरची हवा घेऊन बुडतो. खाली ती दबते, वर येताना पुन्हा मूळ मापाला येते. सिलिंडरमधून मात्र आपण खालच्या दाबाला हवा घेतो. समुद्रात दर १० मीटरला एका वातावरणाएवढा दाब वाढतो, म्हणजे १० मीटरवर छातीभर घेतलेली हवा वर येईपर्यंत दुप्पट होणार. दम धरून वर आलं तर तिला जायला वाट नाही, फुप्फुस फाटू शकतं. आणि त्याला फार खोली लागत नाही, दीड-दोन मीटरही पुरतात. माझ्या मामाची शिकवण विहिरीपुरती शंभर टक्के खरी होती. समुद्रात ती उलटी करायची : श्वास चालूच ठेवायचा, संथ आणि लांब.

आता तुम्ही.

खानापूर तालुका, सांगली

दादा, मी स्कूबा केलेलं नाही. पण वीस वर्षं झाली, आमच्या वस्तीवरच्या कुणाच्याही मोटरीचा फुटबॉल (पाईपच्या खालच्या टोकाची जाळीची झडप, फूट व्हॉल्व्ह) तुंबला की मलाच हाक येते, म्हणून लिहितो.

मोटर पाणी टाकेना झाली की खाली बुडी मारून जाळी साफ करायची. आधी स्टार्टर बंद, मग फ्यूज काढून पोराच्या हातात द्यायचे आणि पोराला तिथंच उभं करायचं. पाण्यात माणूस असताना कुणी येऊन बटण दाबलं तर संपलं. मग पाईप धरून उतरायचं. उन्हाळ्यात वरचं हातभर पाणी कोमट असतं. त्याखाली गेलं की एकदम गार, पोटऱ्यांना कळतं. दोन परसाच्या, म्हणजे दोन माणसांच्या उंचीच्या, खाली कान दुखायला लागतात, तेव्हा नाक चिमटीत धरून फुंकायचं. हे आम्हाला कुणी शिकवलं नाही, जुनी माणसं करत होती म्हणून आम्ही करतो. मालवणलाही तेच सांगतात म्हणे.

तळाला दिसत काही नाही, हातानंच बघायचं. फुटबॉलच्या जाळीला शेवाळ, प्लॅस्टिक, कधी पोत्याच्या दशा. माझ्या आवडीची जागा मात्र पूर्वेच्या कपारीत आहे. तिथं जिवंत झरा आहे. हाताचा पंजा धरला की आतून गार पाणी तळव्याला ढकलतं, बारीक वाळू बोटांमधून फिरते. २०१६ च्या उन्हाळ्यात विहीर तळाला गेली तेव्हाही तो झरा करंगळीएवढा चालू होता.

एक कळकळीनं सांगतो. बरेच दिवस बंद असलेल्या, आटलेल्या विहिरीत किंवा खाली डिझेल इंजिन चालवलेल्या विहिरीत एकदम उतरू नका. तिथं पाण्यापेक्षा हवा घात करते. एक बेशुद्ध पडला म्हणून दुसरा धावतो आणि दोघंही जातात.

सातारा

मी शिक्षिका, वय ४६. पोहता येत नाही. लहानपणी वाईच्या घाटावर पाय घसरून कमरेएवढ्या पाण्यात पडले होते, तेव्हापासून नदीत पावलंच भिजवत आले. मागच्या जानेवारीत शाळेतल्या मैत्रिणींबरोबर मालवणला गेले आणि आधी स्नॉर्केलिंग केलं. लाइफ जॅकेट घालून, श्वासाची नळी तोंडात घेऊन, होडीच्या दोरीला धरून नुसतं तोंड पाण्यात घालायचं. पहिली पाच मिनिटं मी नाकानंच श्वास घ्यायला बघत होते आणि मास्क चेहऱ्यावर चिकटत होता. होडीवरचा मुलगा म्हणाला, "ताई, तोंडानं. घोरल्यासारखा." ते जमलं आणि मग डोळे स्थिर झाले.

दुसऱ्या दिवशी सिलिंडर लावून उतरले. मासे सगळे सांगतात, मी दोऱ्याचं सांगते. माझ्या मनगटाला देवाचा लालभडक दोरा होता. खाली गेल्यावर सहज नजर गेली तर तो कळकट तपकिरी दिसत होता. मला वाटलं रंग गेला. इन्स्ट्रक्टरनं त्यावर बॅटरीचा उजेड पाडला आणि तो पुन्हा कुंकवासारखा लाल झाला! पाणी प्रकाशातला लाल रंग सगळ्यांत आधी शोषून घेतं, हे मी वर्गात सांगत आले होते. ते माझ्याच मनगटावर बघितलं आणि डोळे भरून आले. मास्कच्या आत पुसताही येईनात.

महाराजांनी १६६४ मध्ये ज्या कुरटे बेटावर किल्ला बांधायला घेतला, त्याच्याच आजूबाजूच्या खडकांवर हे प्रवाळ आहे, आणि १९८७ पासून तो भाग सागरी अभयारण्य आहे. तरी आमच्या शेजारच्या होडीतून माशांना ब्रेडचे तुकडे टाकत होते, फोटोत गर्दी दिसावी म्हणून. प्रवाळावरचं शेवाळ खाऊन ते साफ ठेवणारे मासे ब्रेडच्या मागं लागले तर प्रवाळाचं काय होणार? कृपा करून ब्रेड टाकायला सांगू नका, आणि कुठल्याही दगडावर पाय टेकू नका. तो दगड बहुधा जिवंत असतो.

मिरज

माझा अनुभव वाईट आहे, थोडक्यात लिहितो. सर्दी होती, पण पैसे भरलेले आणि सगळा ग्रुप उतरणार, म्हणून गप्प बसलो. फॉर्मवर सही घेतली, विचारलं कुणी नाही. तीन मीटरवर डावा कान ठणकला. वर जायची खूण करायची सोडून तसाच खाली गेलो. परत आल्यावर नाकातून रक्त, कान बंद, आणि पुढचे तीन आठवडे कानाच्या डॉक्टरांकडे फेऱ्या. दमा, बीपी, कानाचं ऑपरेशन, साधी सर्दी, जे असेल ते स्वतःहून सांगा. कान मोकळा होत नसेल तर मीटरभर वर यायचं आणि पुन्हा फुंकायचं. तरी नाही झाला तर त्या दिवशी होडीत बसायचं.

कराड

मी तारकर्लीला पूर्ण कोर्स केला, ओपन वॉटरचा, म्हणजे स्कूबाच्या पहिल्या प्रमाणपत्राचा. त्यानंतर जोडीदाराबरोबर १८ मीटरपर्यंत उतरता येतं. आधी तलावात सराव, मग समुद्र. गोड्या पाण्यातून खाऱ्यात गेल्यावर पहिला धक्का म्हणजे मी बुडतच नव्हतो. खारं पाणी सुमारे अडीच टक्के जड, त्यामुळे सामानासकट माझ्या वजनाला पट्ट्यात आणखी दोन किलो शिसं घालावं लागलं.

पुढं मुरुडेश्वरला जाऊन नेत्राणी बेटावर दोन दिवस डाइव्ह केले. तिथं पाणी मालवणपेक्षा बरंच स्वच्छ मिळालं. परतताना एक गोष्ट शिकलो, ती आपल्या लोकांना कुणीच सांगत नाही. खोल डाइव्हनंतर रक्तात जादा नायट्रोजन मुरलेला असतो, म्हणून एका डाइव्हनंतर किमान १२ तास आणि अनेक डाइव्ह केले तर १८ तास विमानात बसू नये म्हणतात. आपल्याला वाटतं आपण कुठं विमानानं जातो! पण साधारण ६०० मीटरच्या वर चढणं हेही त्याच हिशोबात धरतात. आंबोली त्याहून उंच, आणि साताऱ्याचं तर घरच ७०० मीटरच्या वर. पर्यटकांच्या सहा मीटरच्या वीस मिनिटांच्या फेरीला धोका अगदी कमी असतो. पण कोर्स करणाऱ्यांनी शेवटचा डाइव्ह सकाळी उरकून मुक्काम खालीच करावा आणि दुसऱ्या दिवशी घाट चढावा.

(धागाकर्ता : हे मलाही माहीत नव्हतं. पुढच्या वेळी कणकवलीत मुक्काम.)

कोरेगाव, सध्या फ्लोरिडा

इथं झऱ्यांत डायव्हिंग करतात. आपला काळा कातळ, फटीफटींतून पाझरणारा. इथली जमीन चुनखडीची, पाण्यानं विरघळून आत भुयारं झालेली, आणि त्यातून नदीएवढं पाणी उसळून वर येतं. बारा महिने सुमारे २२ अंश. जिनी स्प्रिंग्जला पहिल्यांदा मास्क लावून खाली बघितलं तेव्हा पाणी आहे हेच कळेना, आपण हवेत तरंगतोय असं वाटलं. भुयाराच्या तोंडाशी पाण्याखाली पाटी आहे, यमदूताचं चित्र काढलेली : इथून पुढं येऊ नका. गुहेचं वेगळं प्रशिक्षण न घेता आत गेलेले चांगले चांगले डायव्हर वाट चुकून जिवाला मुकलेत, अगदी शिकवणारेसुद्धा. मी पाटीपाशीच थांबतो.

थंडीत क्रिस्टल रिव्हरला मॅनटी येतात, म्हशीएवढे शांत जीव, झऱ्याच्या उबेला. स्नॉर्केल लावून स्वस्थ तरंगायचं, त्यांच्या मागं जायचं नाही, हात लावायचा नाही. एकदा एक पिल्लू माझ्यापासून दोन हातांवर श्वास घ्यायला वर आलं. नाकपुड्या उघडल्याचा आवाज आला, फुस्स. गोठ्यात म्हैस फुसकारते तसा. त्या दिवशी घरी फोन केला तेव्हा आईला फक्त तो आवाज काढून दाखवला.

साताऱ्याजवळच्या लिंब गावची बारा मोटेची विहीर मात्र मनातून जात नाही. शके १६४१ ते १६४६, म्हणजे इ.स. १७१९ ते १७२४ मध्ये बांधलेली, ११० फूट खोल. तिच्यात उतरू नये, ती बघायची वास्तू आहे. पण पायऱ्या उतरून गेलं की खालून जो गारवा अंगावर येतो, तो मला इथल्या झऱ्यावर पुन्हा भेटला.

भिलवडी

सगळ्यांचं वाचून आमची पोरं कृष्णेत मास्क लावून उतरायला निघतील, म्हणून लिहितेय. आमच्या पट्ट्यात, औदुंबरपासून खाली, मगरी आहेत. काठावर ऊन खात पडलेल्या आम्ही नेहमी बघतो. पाणी गढूळ, हातभर पुढचं दिसत नाही. नदीला नमस्कार करा, पण बुड्या मारायला विहीर नाहीतर तलाव बघा.

खानापूर तालुका, सांगली

दादा, परत मीच. धाकटं पोरगं दिवाळीत दहा वर्षांचं होतंय. स्कूबाला दहा पूर्ण लागतात असं चौकशी केल्यावर कळलं. फेब्रुवारीत ऊस गेला की दोघं मालवणला जाणार. विहिरीत ते माझ्यापेक्षा जास्त वेळ खाली राहतं, आणि आता तेच मोडायचंय. कालपासून विट्याहून आणलेली नळी तोंडात धरून त्याला गुरांच्या हौदात तोंड बुडवायला लावलंय. मी हौदाच्या कडेला बसून बोटं मोजतो. पहिल्या दिवशी चारपर्यंत गेलो की हे दम धरायचं. आज साठ मोजले, नळी चालूच होती.