वासराच्या नाळेतल्या आसाड्या (जखमेतल्या अळ्या): काहींना दोन चिरा, काहींना तीन. माशी एकच की दोन?

माणदेशी_पशुवैद्य (प्रश्न)

नमस्कार. दोन वर्षांपासून माणदेशात जनावरांचा दवाखाना चालवते. परवा सहा दिवसांच्या खिलार वासराची नाळ सुजली म्हणून मालकाने बोलावले. बोट लावले तर आत पोकळी आणि तळाशी आसाड्या, डोके आत खुपसून घट्ट दाटलेल्या. टर्पेंटाइनचा बोळा ठेवून चिमट्याने ३१ काढल्या, जखम धुतली, परजीवी मारणारे आयव्हरमेक्टिन दिले. वासरू आज दूध पीत आहे.

आसाड्या म्हटले की औषध ठरलेलेच असते, म्हणून त्या कुठल्या माशीच्या हे आमच्यात कोणी बघत नाही. मला मात्र ते कळायला हवे आहे. जिवंत मांस खाणारी माशी गोठ्यात आली असेल तर उरलेल्या तीन वासरांसाठी वेगळे बोलावे लागेल.

सगळ्या अळ्या थेट स्पिरिटच्या बाटलीत टाकल्या. मागच्या टोकाचा काप काढून सूक्ष्मदर्शकाखाली बघितला. श्वासरंध्राच्या तबकडीत काहींना तीन चिरा, काहींना दोनच. तबकडीभोवतीचे काळे कडे एका बाजूला उघडे आहे. जखमेच्या काठाला मिळालेल्या दोन अळ्यांच्या अंगावर मांसल काटे आहेत. आणि बाटलीतल्या बऱ्याचशा अळ्या काळ्या पडून आकसल्या आहेत. या तीन माश्या समजायच्या का?

प्रयोगशाळेतली_ताई

डॉक्टर, आधी बाटलीचे सांगते. जिवंत अळी थेट स्पिरिटमध्ये टाकली की आतून कुजत काळी पडते. पुढच्या वेळी उकळी येऊन जरा निवलेल्या पाण्यात, म्हणजे ८० अंशांच्या आसपास, अर्धा मिनिट ठेवा. अळी सरळ ताणते, रंगही टिकतो. मग ८०% अल्कोहोल.

आहेत त्याही वाया गेलेल्या नाहीत. शेवटच्या खंडाची मागची बाजू ब्लेडने पातळ कापा, १०% पोटॅशियम हायड्रॉक्साइडमध्ये रात्रभर ठेवा, सकाळी सुईने आतली चरबी खरवडून पाण्यात धुवा. त्याहून जास्त वेळ ठेवू नका, कड्याचा रंग उतरतो आणि नेमके बघायचे तेच पुसट होते. चढत्या अल्कोहोलमधून नेऊन लवंग तेलात पारदर्शक करा. बाहेरची बाजू वर येईल असा काप स्लाइडवर ठेवा. उलटा ठेवला तर चिरांची दिशा चुकते. डोक्याकडचा भागही असाच करा, तो लागणार आहे.

परजीवीशास्त्र_शिकवतो

चिरांची संख्या माशी सांगत नाही, वय सांगते. अळी दोनदा कात टाकते. दुसऱ्या टप्प्यात दोन चिरा, तिसऱ्यात तीन. ओळख पटवायची ती तिसऱ्या टप्प्यावरच.

आता तबकडीभोवतीचे कडे. ते पूर्ण बंद असते तर मी लुसिलिया ही हिरवी माशी म्हटले असते. घरमाशीच्या चिरा नागमोडी असतात. सार्कोफॅगा या मांसमाशीची श्वासरंध्रे खोल खड्ड्यात बुडालेली असतात. उघडे कडे आणि सरळ चिरा म्हणजे क्रायसोमिया या गटातली माशी. तुम्ही म्हणता ती जिवंत मांस खाणारी माशी याच गटातली, क्रायसोमिया बेझियाना. पण इथेच थांबलात तर फसाल, कारण क्रायसोमिया मेगासेफालाचे कडेही उघडेच असते आणि ती जखमेतल्या घाणीवर येते. फरक पुढच्या श्वासरंध्रात आहे. ते पंख्यासारखे दिसते, त्याचे फाटे मोजा. क्रायसोमिया बेझियानाला बहुधा चार ते सहा, मेगासेफालाला साधारण दुप्पट. बेझियानाच्या खंडांवर जाड, गडद काट्यांचे पट्टेही असतात. व्हिलन्यूव्ह यांनी १९१४ मध्ये तिचे वर्णन करताना इटलीचे माशीतज्ज्ञ मारिओ बेझी यांच्यावरून हे नाव दिले.

अमेरिकेतल्या तक्त्यांत 'मागून पुढे बऱ्याच खंडांपर्यंत गेलेल्या काळ्या श्वासनलिका' ही खूण ठळक दिलेली असते. ती त्यांच्याकडच्या जिवंत मांस खाणाऱ्या माशीची, कोक्लिओमियाची. बेझियानात काळेपणा शेवटच्या खंडापुरताच राहतो, तेव्हा तो लांब दिसला नाही म्हणून निदान सोडू नका.

मांसल काट्यांच्या दोन अळ्या क्रायसोमिया रुफिफेसीसच्या वाटतात. ती नंतर येते आणि दुसऱ्या अळ्यांनाही खाते.

मला जास्त काळजी वाटते ती दोन्ही टप्पे एकत्र सापडण्याची. एकाच वेळी घातलेल्या अंड्यांतून अळ्या बरोबरीने वाढतात. म्हणजे माशी त्या नाळेवर बहुधा एकदाच आलेली नाही. एका वेळी शे-दोनशे अंडी घालते, दिवसभरात ती फुटतात, आठवडाभरात अळी जमिनीत पडून कोष करते. गोठ्याची माती आणि उरलेली वासरे आजच बघा.

माणदेशी_पशुवैद्य

सर, ताई, काल रात्री काप ठेवले होते, आत्ता बघितले. तीन चिरांच्या नऊ अळ्यांच्या पुढच्या श्वासरंध्राचे फाटे मोजले. सहांना पाच, दोघांना चार, एकीला सहा. काट्यांचे पट्टे कमी भिंगातही डोळ्यांत भरतात. बेझियानाच आहे. मोजताना हात थरथरत होता. आजवर किती जखमा मी न बघता धुवून टाकल्या असतील!

सकाळी गोठ्यावर जाऊन आले. दोन वासरांच्या नाळा कोरड्या आहेत. तिसरे कालच जन्मलेले. त्याच्या नाळेच्या काठाला पांढऱ्या अंड्यांचा दाट थर एकावर एक बसलेला होता. तो खरवडून काढला, नाळेला आयोडीन लावले, मालकाला थर हातात दाखवला. अंडी उकळत्या पाण्यात टाकली. गोठ्यातली वरची माती उकरून काढायला सांगितली आहे. परवा पुन्हा जाणार आहे.