मुंबई-लक्षद्वीप क्रूझ, सोबत आई-दादा: मदत हवी आहे

तेरणाकाठ:
नमस्कार मंडळी. लातूरकडचा माणूस आहे, आमच्याकडं पाणी बघायला जायचं म्हणजे मांजरा धरण भरलं का नाही ते बघायचं, अन् आता डायरेक्ट समुद्र, त्यामुळं प्रश्न येड्यासारखे वाटले तरी सांभाळून घ्या.

डिसेंबरात मुंबईहून लक्षद्वीप क्रूझ करायचं चाललंय. मी, बायको, लेकरं अन् आई-दादा (दादा म्हणजे माझे वडील). बायको रील बघून बघून पेटलीय, लेकरांना स्विमिंग पूल पाहिजे, दादा तर बॅग भरायलेत. अडून बसलीय ती आई. अन् तिचे प्रश्न असे असतात की एजंटला विचारलं तर तो नुसता हसतो अन् बाल्कनीवाली रूम घ्या म्हणतो.

आईचं पहिलं म्हणणं, एवढ्या लोकांना आंघोळीला पाणी कुठून आणणार? 2016 ला मिरजेहून रेल्वेनं लातूरला पाणी आलेलं बघितलेली बाई आहे, बोटीच्या मागं टँकर येतो का म्हणून विचारायली. हसू नका, मला पण माहीत नाही.

दुसरं, आई माळकरी आहे अन् एकादशी नेमकी बोटीवर येतीय. घरचा डबा आत नेऊ देत नाहीत म्हणे, खरं का? अन् उलटीचं काय? सोलापूरला जाताना तुळजापूरचा घाट आला की तिला हातात पिशवी लागते, तिथं तर सगळंच हलणार.

तिसरं, लातूर-मुंबई गाडीनं रात्री निघून सकाळी सीएसएमटी अन् दुपारी बोट, असं जमतं का? बाल्कनीचे पैसे आतल्या रूमपेक्षा भरपूर जास्त सांगायलाय, घ्यावी का? ज्यांनी केलंय त्यांनीच सांगा, यूट्यूब बघून डोकं आऊट झालंय.

नांदेडी_ठेचा:
भाऊ, गाडीचं आधी. आदल्या दिवशी मुंबईत पोचा. सकाळची गाडी बहुतेक वेळा पुरतेच, बोट सुटते ते बॅलार्ड पिअर सीएसएमटीहून टॅक्सीनं हाकेच्या अंतरावर आहे, पण त्या "बहुतेक"च्या भरवशावर अख्ख्या कुटुंबाचे पैसे कशाला लावता. बोट सुटायच्या बरंच आधी चेक-इन बंद होतं, अन् ती तुमच्यासाठी थांबत नसते. वाटेत बंदरावर उतरलात तरी तेच, दिलेल्या टायमाला परत बोटीवर.

पाण्याचं आईंना सांगा टँकर नाही, बोट समुद्राचंच पाणी गोड करून घेते, इंजिनाच्या उष्णतेवर वाफ करून नाहीतर पडद्यातून दाबून गाळून. बंदरावर पण भरून घेतात. आमच्या नळाला चार दिवसाआड येतं त्यापेक्षा बरं.

बाल्कनी माझ्या मते नका घेऊ. आम्ही रूममधे फक्त झोपायला जायचो, दिवसभर डेकवर अन् खाण्याच्या हॉलमधे. खाणं म्हणजे काय विचारू नका, सकाळी इडली-पोह्यापासून जे सुरू होतं ते रात्री उशिरापर्यंत. पण आईंना बंद खोलीत घाबरल्यासारखं होत असेल तर निदान खिडकीवाली घ्या, आतल्या खोलीत लाईट बंद केली की दुपार का मध्यरात्र काही कळत नाही.

पैशाचं एक लक्षात ठेवा. जेवण तिकिटात असतं पण कोल्ड्रिंक, दारू, स्पेशल हॉटेल असलं बरंच काही रूमच्या कार्डावर चढतं. लेकरांच्या हातात कार्ड देऊ नका. अन् मोबाईल बोटीवर चढल्या चढल्या एअरप्लेन मोडला टाका, किनारा सुटला की फोन बोटीचं सॅटेलाईट नेटवर्क पकडतो, त्याचं बिल बघून माणूस कोमात जातो.

आमच्या साडूची गंमत सांगतो, ते सिंगापूरच्या मोठ्या बोटीवर गेले होते. तिथं शेवटच्या रात्री बॅगा रूमबाहेर ठेवायच्या असतात, सकाळी खाली उतरल्यावर मिळतात. साडूनं शिस्तीत सगळं भरलं, पॅन्ट, शर्ट, चप्पल सगळं, अन् बॅगा बाहेर. सकाळी गडी बर्मुडा-बनियनवर! नाश्त्याला बसला मेहुणीची ओढणी पांघरून. अजून लग्नाकार्यात हा किस्सा निघतो अन् साडू ताटावरून उठतो.

बालाघाटी:
बीडात मेडिकल आहे माझं म्हणून उलटीच्या गोळीचं मी सांगतो. आव्होमिन चालते, पण उलटी सुरू झाल्यावर घेऊन उपयोग नाही, आधी घ्यावी लागते, अन् झोप लई येते. म्हातारं माणूस, बीपी-शुगरच्या गोळ्या चालू असतील, काचबिंदू असेल तर डॉक्टरला विचारल्याशिवाय देऊ नका. रूम बोटीच्या मधोमध अन् खालच्या मजल्यावर मागा, तिथं हलणं कमी लागतं. एजंट वरची रूम भारी म्हणून विकतो, ती जास्त झुलते. मळमळलं की रूममधे पडून राहू नका, उघड्यावर येऊन लांब क्षितिजाकडं बघत बसायचं. पोट रिकामं ठेवायचं नाही, म्हणून एकादशीचं जरा सांभाळा. घरी शिजवलेलं आत नेऊ देत नाहीत, पण दही, दूध, फळं, उकडलेला बटाटा सांगितलं की मिळतं. राजगिऱ्याच्या लाडवाचं सीलबंद पाकीट नेऊ देतात का ते बुकिंगलाच विचारून घ्या. महिना तुम्ही बरोबर धरला, पावसाळ्यात अरबी समुद्रात जाऊच नये.

तेरणाकाठ:
लई उपकार! खिडकीवाली, मधली, खालची, फायनल. आता एजंटला परत फोन केला तर म्हणतो, लक्षद्वीपला बोट किनाऱ्याला लागतच नाही, लहान बोटीत उतरावं लागतं. हे आधी कामून सांगितलं नाही?? आईचे गुडघे गेलेत. अन् बोटीवर काही झालं तर काय करायचं याची लाईफ जॅकेटची कवायत असते म्हणे, दादा म्हणायलेत ती मी करणार नाही.

गोदाकाठची_माई:
कवायत सगळ्यांना करावीच लागते हो, दादांना सांगा. 2012 ला इटलीजवळ कोस्टा कॉनकॉर्डिया खडकाला धडकली, 32 माणसं गेली, त्याच दिवशी चढलेल्या कितीतरी लोकांची कवायत झालीच नव्हती. त्यानंतर बोट सुटायच्या आधी नाहीतर सुटल्या सुटल्या घ्यायचा नियम झाला. अन् दादांना संध्याकाळी रेलिंगपाशी उभं करा. बंदराचा पायलट आपली बोट बाहेर काढून देतो अन् मग चालत्या बोटीवरनं दोरीच्या शिडीनं खाली लाँचमधे उतरतो. माझ्या सासऱ्यांनी हातातला चहा गार होऊस्तोवर बघितलं ते.

लहान बोटीचं असं आहे, बेटाभोवतीचं पाणी उथळ अन् खाली प्रवाळ, म्हणून मोठी बोट लांब उभी राहते. मी सासूबाईंना उतरवलंय. दोन खलाशी दोन्ही दंडांना धरतात, लहान बोट लाटेवर वर आली की "आता" म्हणतात, तेवढ्यात पाय टाकायचा. साडी नको, पंजाबी ड्रेस घाला त्यांना. अन् लाटा जास्त असल्या तर कुणालाच उतरवत नाहीत, अख्खं लक्षद्वीप लांबनंच बघावं लागतं. तसं झालं तर पैसे परत मिळतात का, हे एजंटकडनं लेखी घ्या, तोंडी नको.