मदत हवी आहे: अँबेसिडर मार्क टू, ५५ च्या पुढे अख्खी गाडी थरथरते

रंकाळा_७४:
नमस्कार मंडळी, वडिलांची अँबेसिडर आहे, मार्क टू, १९७४ ची. ५५-६० ला गेली की थरथरायला लागते आणि ७० ला तर बसवत नाही. व्हील बॅलन्सिंग झालं, अलाइनमेंट झालं, पैसे गेले आणि फरक शून्य. १२ दिवसांनी वडिलांचं सहस्रचंद्रदर्शन आहे आणि त्यांना त्यांच्याच गाडीतनं कोल्हापूरहून नृसिंहवाडीला न्यायचंय, पन्नासेक किलोमीटर. काय असेल ते लवकर सांगा प्लीज.

पाटे_आणि_ग्रीस:
थरथर कुठं लागते, स्टेअरिंगला का सीटखाली? टायर कुठले आणि किती जुने? गाडी नेहमी चालते का उभी असते? हे सांगितल्याशिवाय कुणी काही सांगितलं तर तो नुसता अंदाज.

हायवेप्रेमी:
क्रॉसप्लाय (जुन्या पद्धतीचे टायर) काढा आणि रेडियल (आताच्या पद्धतीचे) टाका, विषय संपला. माझ्या गाडीचं असंच होतं, रेडियल टाकल्यावर लोण्यासारखी पळते.

नाशिककर_दादा:
मी तर म्हणतो १८०० वालं इसुझू इंजिन बसवा, पाच गिअर मिळतात, जुनं १४८९ सीसी हायवेला दमतंच.

पाटे_आणि_ग्रीस:
दादा, त्यांनी इंजिन कमजोर आहे असं म्हटलेलंच नाही. वडिलांची गाडी आहे, तिचं इंजिन कशाला काढायचं?

रंकाळा_७४:
स्टेअरिंगला फारसं नाही, सीटखाली आणि फ्लोअरला लागतं, मागं बसलेल्याला जास्त. टायर ५.९०-१५, नक्षी भरपूर आहे. आठवड्यातनं एकदा काढतो.

मुंबईचा_मामा:
गाडीला ५० वर्षं झाली, तर व्हिंटेज रजिस्ट्रेशन करून घ्या. २०२१ च्या नियमाप्रमाणे २०,००० फी, दहा वर्षांसाठी, नंबरमध्ये व्हीए येतं.

रंकाळा_७४:
मामा, धन्यवाद, पण पासिंगचं विचारलं नव्हतं. आणि तसं रजिस्ट्रेशन केलं तर रॅली, प्रदर्शन, पेट्रोल-दुरुस्ती एवढ्यासाठीच रस्त्यावर आणता येते, मला वडिलांना फिरवायचंय.

पाटे_आणि_ग्रीस:
नक्षीवर जाऊ नका. टायरच्या बाजूला चार आकडे असतात ते वाचा. आणि मोकळ्या सरळ रस्त्यावर ६० ला जा, क्लच दाबून न्यूट्रल करा, इंजिन आयडलला येऊ द्या. थरथर लगेच गेली तर इंजिन, क्लच, माउंटिंगकडं बघायचं. तशीच राहिली तर चाकं, ॲक्सल नाहीतर प्रोपेलर शाफ्ट, म्हणजे गिअरबॉक्सपासून मागच्या ॲक्सलपर्यंत जाणारा फिरता दांडा. अजून एक, ६० ला चाक सेकंदाला साधारण आठ फेरे मारतं, ते धडधड म्हणून वेगळं कळतं. शाफ्ट डिफरन्शियलमुळं (मागच्या ॲक्सलमधले गिअर) चाकाच्या चारपटीहून जास्त फिरतो, त्याची बारीक गुणगुण येते, पायाच्या तळव्याला मुंग्या आल्यासारखी.

रंकाळा_७४:
आज केलं. न्यूट्रलला तशीच राहिली, स्पीड कमी होईल तशी गेली. आणि हो, मुंग्याच! टायरवर १४११ आहे.

हायवेप्रेमी:
१४११ म्हणजे २०११ चा १४ वा आठवडा!! सांगत होतो ना टायर.

पाटे_आणि_ग्रीस:
एवढे जुने टायर बदलायलाच पाहिजेत, त्यात वाद नाही, ऐंशी वर्षांचे वडील बसणार आहेत. पण ही थरथर टायरची वाटत नाही. उभ्या गाडीच्या क्रॉसप्लायला चपटेपणा येतो, तो टायर तापला की बराचसा जातो. तुमची दहा किलोमीटरनंतर कमी होते का?

रंकाळा_७४:
नाही, तेवढीच राहते. दोन महिन्यांपूर्वी क्लच प्लेट बदलली तेव्हा ठीक होती बहुतेक, त्यानंतरच सुरू झालं असं आई म्हणते.

पाटे_आणि_ग्रीस:
अहो हे पहिल्या पोस्टमध्ये सांगायचं होतं! त्या कामात शाफ्ट सुटला असणार. मागच्या फ्लँजवर (शाफ्ट ॲक्सलला जोडणारी चकती) खूण न करता काढला की परत बसवताना फिरून बसतो आणि बॅलन्स जातो. गाडी सपाट जागी घ्या, पुढच्या चाकांना उटी लावा, मागून उचलून खाली घोडे (लोखंडी स्टँड) लावा, नुसत्या जॅकवर खाली शिरू नका. यूजे क्रॉस (शाफ्टच्या टोकाच्या सांध्यातला अधिकच्या आकाराचा भाग) दोन्ही बाजूंनी धरून पिळा, जरा जरी खडखड लागली तर तो गेला. मग फ्लँजचे चार बोल्ट काढून शाफ्ट अर्धा फेरा फिरवून बसवा. गिअरबॉक्सचं माउंटिंग पण बघा, रबर बसलं की शाफ्टचा कोन बदलतो.

नाशिककर_दादा:
फ्लँज फिरवून काही होत नसतं, शाफ्ट थेट बॅलन्सिंगला द्या.

पाटे_आणि_ग्रीस:
फुकटात अर्ध्या तासात होणारं आधी करायचं, मग शाफ्ट काढून उद्यमनगरात, कोल्हापूरच्या कारखान्यांच्या भागात न्यायचा.

रंकाळा_७४:
केलं! फ्लँज फिरवला, ६० ला जवळजवळ गेली, ७० ला थोडी आहे. मागचा क्रॉस हाताने फिरवला तर मध्येच अडकतोय, आत ग्रीस नाहीच, नुसता लाल गंज. नवीन क्रॉस आणि चार टायर सांगितलेत. वडील दारात खुर्ची टाकून बसले होते, म्हणाले दर महिन्याला मी स्वतः ग्रीस मारायचो, तुम्ही विचारलंच नाही. आता क्रॉस बसवताना सर्क्लिप (क्रॉस जागेवर धरणाऱ्या कड्या) जुन्याच वापरू का नवीन?

पाटे_आणि_ग्रीस:
नवीनच. आणि क्रॉस काढायच्या आधी शाफ्टवर, योकवर (क्रॉस धरणारा दुहेरी कान), फ्लँजवर पंचने खुणा करा. ग्रीस वडिलांना मारू द्या.