मदत हवी आहे: शवासनात डोळे मिटले की बहीण घाबरते

अपघातानंतर बहिणीची ट्रॉमा थेरपी सुरू आहे. थेरपिस्टनी जोडीला योग आणि ध्यान सुचवलं. उभ्या आसनांत ती छान रमते. पण शवासनात ‘डोळे मिटा, श्वासाकडे लक्ष द्या’ म्हटलं की छातीत धडधड, तळहातांना घाम, आणि ताडकन उठून बसते. योगशिक्षक म्हणतात, होईल सवय. मला नाही पटत. तिला नेटाने बसवणं म्हणजे जखमेवरची खपली काढणंच.

2014 साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी अभ्यासात, इतर उपचारांनी पीटीएसडी (आघातानंतर मनात टिकून राहणारा विकार) न हटलेल्या 64 स्त्रियांमध्ये योग करणाऱ्या गटाला दहा आठवड्यांत जास्त फरक पडला होता. पण तो योग ट्रॉमासाठीच बेतलेला. त्यात आसन करायचं की सोडायचं हे ज्याचं त्यानं ठरवायचं.

तर ज्यांनी हे केलंय किंवा शिकवलंय त्यांना विचारते: डोळे उघडे ठेवून, श्वासाऐवजी तळपायांच्या स्पर्शावर किंवा आजूबाजूच्या आवाजांवर लक्ष ठेवलं तर चालतं का? कपालभातीसारखे जलद प्रकार सध्या बंदच ठेवावेत ना? आणि शिक्षकांना ‘न विचारता हात लावू नका’ हे न दुखावता कसं सांगावं? थेरपिस्टशी बोलणार आहेच, पण अनुभवाचे बोल हवेत.