‘कॅलिबर’ : व्यास, बोअर की काडतूस?

प्रश्न (लातूर) : पिस्तुलाची मूळ नळी काढून दुसऱ्या कॅलिबरची नळी बसवण्याविषयीचा एक अमेरिकी मजकूर मी मराठीत आणतो आहे. ‘कॅलिबर’साठी ‘व्यास’ चालेल का? आमच्याकडचे परवानाधारक ‘बोअर’ म्हणतात. तो शब्द अधिक बरा का?

उत्तर (परभणी) : आपण या मजकुरात ‘व्यास’ वापरू नये, असे माझे स्पष्ट मत आहे, कारण नळी निवडताना जे ठरवायचे असते त्याला हा शब्द पुरत नाही. ‘.३५७ सिग’ आणि ‘९×१९’ ही दोन काडतुसे पाहा. दोन्हींच्या गोळीचा व्यास ०.३५५ इंच, म्हणजे सुमारे ९ मिलिमीटरच आहे. परंतु पहिल्याचे कवच (दारू आणि गोळी धरून ठेवणारा धातूचा भाग) बुडाशी जाड असून वर गोळीपाशी एकदम निमुळते होते, तर दुसऱ्याचे आखूड आणि जवळजवळ सरळ असते. त्यामुळे नळीच्या मागच्या टोकाला काडतूस ज्या घरात बसते, ते घर दोन्हींसाठी निराळे कोरावे लागते. ‘नऊ मिलिमीटर व्यासाची नळी’ एवढेच लिहिले, तर वाचकाच्या हाती यांपैकी कोणती नळी येईल, हे सांगता येणार नाही.

निवडीचे मर्मही याच कवचात आहे. .४० कॅलिबरच्या पिस्तुलात .३५७ सिगची नळी बसवली, तर कवचाचे बूड दोन्हींचे सारखेच असल्याने बहुधा नळी बदलून भागते. तेच पिस्तूल ९×१९ वर आणायचे, तर बूड लहान होते, म्हणून बाहेरून .४०च्या स्लाइडमध्ये (पिस्तुलाच्या वरच्या, मागेपुढे सरकणाऱ्या भागात) नेमकी बसणारी, पण आतून ९ मिलिमीटरची अशी खास नळी घ्यावी लागते आणि मॅगझिनही सहसा ९ मिलिमीटरचेच लागते. ९ मिलिमीटरच्या पिस्तुलाची मूळ नळी तिथे चालत नाही, हे वाक्य अनुवादातून गळू देऊ नका.

‘बोअर’ आपल्याकडे रुळलेला आहे, यात शंका नाही. रानडुकरांपासून पीक राखण्यासाठी परवाना घेणारा शेतकरी ‘बारा बोअर’ म्हणतो आणि पिस्तूलवाला ‘.३२ बोअर’. मात्र पहिला आकडा लांबीचा नव्हे : नळीच्या मापाच्या शिशाच्या बारा गोळ्या मिळून एक पौंड भरतात, म्हणून ती बारा बोअर, आणि तिचा व्यास सुमारे १८.५ मिलिमीटर. दुसरा आकडा इंचाचा आहे, तोही ढोबळ. एकाच शब्दाखाली दोन मोजण्या नांदत असल्यामुळे तो बोलण्यात ठेवावा. तांत्रिक मजकुरात टाळावा. ‘कॅलिबर’चे मूळ अरबी ‘कालिब’, म्हणजे साचा, असे सामान्यतः मानले जाते, आणि उर्दूचा कान असलेल्या आपल्या भागात तो अर्थ सहज कळावा.

माझी सूचना अशी : ‘कॅलिबर’ तसाच ठेवावा, आणि ‘कन्व्हर्जन बॅरल’साठी ‘काडतूस-बदलाची नळी’ म्हणावे. प्रत्येक ठिकाणी नळीवर कोरलेले काडतुसाचे पूर्ण नाव द्यावे.

पुरवणी (नांदेड) : वरील मताशी मी सहमत आहे. मजकूर अमेरिकेतील आहे, हे आरंभीच लिहावे, कारण १९५९च्या शस्त्र अधिनियमानुसार भारतात बंदुकीत असा बदल करण्यासाठी स्वतंत्र परवाना लागतो, आणि ९×१९ सामान्य परवानाधारकाला मिळत नाही. ‘नळी बदलावी’ऐवजी ‘तेथे नळी बदलतात’ अशी वाक्यरचना ठेवल्यास इथल्या वाचकाचा गैरसमज होणार नाही.