दुकान-दुकान खेळताना पाचचं नाणं कसं समजवावं?

मुलगी साडेपाच वर्षांची. वीसपर्यंत बिनचूक मोजते. सध्या दिवाणावर तिचं दुकान असतं: शेंगा चटणीच्या डब्या, कडक भाकरी, रुमालांच्या घड्या म्हणजे सोलापुरी चादरी. पण पाचचं एक नाणं दिलं की म्हणते, "एकच दिलंस!" एकेकची तीन दिली की खूश. काय करावं?

उत्तर (अंगणवाडी सेविका, सोलापूर)
ताई, तिचं मोजणं बरोबरच आहे, ती नाणी मोजते. नाण्याची किंमत दिसत नाही, ती मानावी लागते, आणि या वयाला तेच अवघड. आधी फक्त एकेकची नाणी ठेवा, भाव पाच रुपयांच्या आत. मग पुठ्ठ्यावर पाच गोल काढा, त्यावर पाच नाणी मांडू द्या आणि ती देऊन पाचचं एक घ्यायला लावा. उलटंही करवा: पाचचं मोडून सुट्टे. हा अदलाबदलीचा खेळ कंटाळा येईपर्यंत खेळू द्या, घाई नको. वजाबाकीच्या वहीपेक्षा माझा यावर जास्त विश्वास आहे. सुट्टे परत देताना वजाबाकी सांगूच नका. सात रुपयांची चटणी, दहाची नोट. "आठ, नऊ, दहा" म्हणत तीन नाणी हातावर ठेवायची. मंगळवार बाजारात भाजीवाल्या मावशी असंच मोजतात, दाखवा तिला.

उत्तर
घरात रांगतं बाळ असेल तर खरी नाणी नकोत, तोंडात घालतात. पुठ्ठ्याची करा.

प्रश्नकर्ती
धाकटा आहेच! आजच पुठ्ठा कापते. गड्ड्याच्या जत्रेत तिला स्वतः पैसे द्यायला लावीन.